व्हया आणि जाय

डिचोली, बुधवार. गणपतीची चवथ सरून आठ दिवस झाले.

आज शेवटी तोंड उघडलं. तीन वर्षं बाईंची पोर सांभाळते, पगार तेवढाच. म्हटलं, "बाई, पन्नास रुपये वाढवा."

बाई म्हणते, "वाढ कसली, मावशी? दूध हवं असलं की पोर 'दूद जाय' म्हणत नाही, तुमच्यासारखं 'दूद व्हया' म्हणते. बालवाडीत हसतात तिला."

बाईचा नवरा आतून ओरडला, "आम्ही कोकणीसाठी सभा घेतो नि घरात मालवणी! आधी 'जाय' शिकवा, मग पगाराचं बघू."

माझी बोली तिला चिकटणारच ना! दोघं दिवसभर बाहेर, पोरीशी बोलतं कोण? हे तिथंच सुनावायला हवं होतं. का नाही बोलले? एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला भीत नाही. पन्नास रुपयांसाठी गिळलं.

निघताना पोरीने लुगडं धरलं. "माका मावशी व्हयी!" बाईने माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "व्हयी नाही गो बाये, 'जाय' म्हण."

शहाणी पोर. लगेच म्हणाली, "मावशी जाय."

त्यांच्या भाषेत ते 'मावशी हवी'. माझ्या कानाला 'मावशी, जा' असंच लागलं. आणि शिकवलं मीच.