निळ्या तारेला हात लावू नये

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण गेले पाच आठवडे टेबलावर वाकून पाठ अशा काही कोनात अडकली आहे की एकदा खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा उभ्या उभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याचं काय ठरलं? डॉक्टर दोन्ही डोळे एकदमच करू म्हणत असतील, तर त्यांना एवढी घाई कशाची आहे हे आधी विचारा. (मी कोणावर आरोप करत नाही. फक्त विचारा.) आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, निदान वरवर पाहता तरी.

पत्र जरा लांबणार आहे. तुम्ही चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत, त्यामुळे या प्रकरणातली खुबी घरात तुम्हालाच कळेल. माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहेच. एकवीस वर्षं दुकानोदुकानी वजनमापं तपासत फिरल्यावर माणसाचा स्वभाव एका बाजूला झुकतो. दुकानदार हसून ‘या साहेब’ म्हणाला की मी आधी तागडीची खालची बाजू बघतो. ही म्हणते, मी वाढदिवसाची भेटसुद्धा हलवून बघितल्याशिवाय उघडत नाही. खरं आहे ते. पण आतलं फुटलेलं असेल तर आभार मानण्याआधी कळलेलं बरं, असं माझं मत आहे.

तर या नोकरीच्या उताऱ्यादाखल मी जुनी यंत्रं दुरुस्त करतो. आम्हा तिघांचा फोनवर एक गट आहे. एक दंतवैद्य, एक शिंपी आणि मी. (शिंपी आमच्यात सर्वांत हुशार आणि दंतवैद्याकडे सर्वांत चांगल्या पकडी. त्या कुठून येतात हे आम्ही विचारत नाही.) दिवसभर एकच काम, जुन्या मोजमापाच्या यंत्रांच्या जाहिराती शोधायच्या आणि त्यांचा खरा अर्थ लावायचा. ‘न तपासलेले’ याचा अर्थ, तपासलं आणि घाबरून ठेवून दिलं. ‘घरगुती वापरातले’ म्हणजे वर झाडाची कुंडी ठेवलेली होती. ‘किरकोळ दुरुस्तीची गरज’ असेल तर ती किरकोळ दुरुस्ती विकणाऱ्याने स्वतः केलेली असते आणि तेव्हापासूनच यंत्र बंद असतं. या दोघांकडे ऑसिलोस्कोप आहे, म्हणजे विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेघेत दाखवणारं यंत्र. माझ्याकडे नव्हता. गटात मी एकटाच बिनपडद्याचा. रोज सकाळी ते दोघं आपापल्या रेघांचे फोटो टाकायचे आणि मी खाली ‘छान’ असं लिहायचो.

अशात एक जाहिरात दिसली. मजकूर मला अजून पाठ आहे. ‘ऑसिलोस्कोप. चालू आहे. डावीकडचा नॉब घट्ट फिरतो. पडद्यावर एक ओरखडा आहे, तो माझ्या हातून पडला. फोटोत दिसत नसेल तर दुसरा पाठवते. भंगारवाल्यांनी येऊ नये.’ एवढा खरेपणा आम्ही कोणीच पाहिला नव्हता. ‘चालू आहे’ वर बोट ठेवून शिंप्याने विचारलं, “कोण? यंत्र की बाई?” दंतवैद्य म्हणाला, जो पेशंट स्वतःहून एक कीड दाखवतो, त्याच्या मागच्या चार दाढा गेलेल्या असतात. मला ते एकदम पटलं. आणि पटलं तरी मी गेलोच, कारण यंत्र फार देखणं होतं. ही बरोबर आली. (मी कशाला येतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “एका अनोळखी बाईंच्या घरी तू टॉर्च घेऊन चाललायस, म्हणून.”)

तिसऱ्या मजल्यावरचं घर. खिडकीला लागून लांबलचक टेबल, त्यावर ओळीने चार यंत्रं आणि भिंतीवर पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आत कुठल्या मापाचे सुटे भाग आहेत त्याची. बाई सत्तरीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. यंत्राकडे जाऊ देण्याआधी माझीच उलटतपासणी सुरू केली. कुठे ठेवणार, ऊन येतं का, घरात मांजर आहे का.

“दुसऱ्याचं यंत्र हातात आलं की पहिल्यांदा काय करता?” त्यांनी विचारलं.

“शंका घेतो,” मी म्हटलं.

“आणि मग?”

“मग उघडतो.”

त्यांनी ‘हं’ केलं. ते ‘हं’ मला आवडलं नाही. मी बेसावध पकडायच्या हेतूने सहज विचारल्यासारखं केलं, “आपल्या यजमानांचं का हे?” तर म्हणाल्या, “छे, त्यांनी याला कधी हातसुद्धा लावला नाही.” मामा, मला आनंद लपवता येईना. कधीच हात न लावलेलं यंत्र! म्हणजे जवळजवळ नवंच. माझ्या चौकशीत बाईंच्या तोंडून नको ते निसटलं, अशा समजुतीत मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून जिने उतरलो.

घरी आणून लावलं. लागलं. हिरवी रेघ आली, सरळ, बारीक, न थरथरता. सगळे नॉब फिरवले, सगळे बरोबर. डावीकडचा घट्ट, सांगितल्याप्रमाणे. ओरखडाही सांगितलेल्या जागी. मला घाम फुटला. बिघाड दिसला असता तर मन शांत झालं असतं. पण इतकं जुनं यंत्र आणि काहीच बिघडलेलं नाही, म्हणजे बिघाड किती खोल दडवला असेल! गटात विचारलं. दंतवैद्याने लिहिलं, ‘दुखत नाही तेव्हाच उघडून बघावं.’ शिंप्याने लिहिलं, ‘टाचणी लावू नकोस, चालतंय ते चालू दे.’ शिंप्याचं यंत्र माझ्या यंत्रापेक्षा जुनं आहे, तेव्हा त्याचा सल्ला मत्सरातून आला असणार असं मी धरून चाललो. यंत्र बंद केलं, आत साठलेली वीज उतरावी म्हणून तासभर थांबलो (तुमची शिकवण) आणि झाकण काढलं.

आत इतकी स्वच्छता की आमच्या स्वयंपाकघरात नाही. नवे कपॅसिटर ओळीत बसवलेले, सोल्डरचा एकेक टाका मोत्यासारखा. पण सर्किटच्या नकाशात नसलेली एक निळी तार पाटीच्या एका टोकाकडून दुसरीकडे गेली होती आणि तिच्याशेजारी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. ‘निळ्या तारेला हात लावू नये.’

आता मामा, तुम्हीच सांगा. एखाद्या दुकानात गल्ल्याखाली डबा असावा आणि त्यावर ‘निरीक्षकांनी हा डबा उघडू नये’ असं लिहिलेलं असावं. तुम्ही काय कराल? माझ्या एकवीस वर्षांच्या अनुभवाने एका क्षणात निकाल दिला. मी तार कापली, झाकण न लावताच यंत्र सुरू केलं आणि मागे सरकलो. (मागे सरकलो याची नोंद घ्या. बेफिकीर मी नाही.) दोन फटाके फुटल्यासारखा आवाज झाला, एक बारीक धूर निघाला, हिरवी रेघ एकदम फुगली, पडद्याबाहेर गेली आणि तिच्यामागोमाग सगळंच गेलं. ही बाहेरून म्हणाली, “सापडला का बिघाड?”

मी काय केलं असेल? रविवारी सकाळी यंत्र उचललं, हिला मागोमाग घेतलं आणि तसाच तीन जिने चढून गेलो. दारातच तोंड सोडलं. बंद यंत्र गळ्यात मारलंत, आत चोरून तार टाकलीत, मी सरकारी निरीक्षक आहे, असली प्रकरणं मी रोज बघतो, वगैरे. बाईंनी मध्ये अडवलं नाही. टेबलावर जागा करून दिली, चष्मा लावला, झाकण उघडून आधी नुसता वास घेतला.

“निळी तार?” म्हणाल्या.

“संशयास्पद होती.”

“चिठ्ठी होती.”

“म्हणूनच.”

बाईंनी तुटलेल्या तारेची दोन्ही टोकं पकडीने वर काढली. मग समजावून सांगितलं. पाटीवरचा एक मूळ पट्टा जळाला होता, त्याच्याऐवजी ती तार. सप्लायने किती वीज सोडायची, याचा निरोप त्या तारेतून जायचा. ती तुटल्यावर सप्लायला आवरणारं कोणी उरलं नाही. मी आवाज जरा खाली आणून विचारलं, “हे काम करणारा कारागीर भेटेल का? तुमच्या ओळखीतला?”

“त्याच्यावर तर तुम्ही आत्ता ओरडलात,” हीच म्हणाली. बाई नव्हे, आमची ही! मला अजून उलगडेना. मग बाई बोलल्या. इस्पितळाच्या तळघरात यंत्रदुरुस्तीच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. हृदयाचे आलेख काढणारी यंत्रं तिथे यायची. “वरून लोक यायचे आणि दारातून विचारायचे, मेकॅनिक आहे का? सुरुवातीला सांगायचे मी. मग कंटाळले. बसा, येतील म्हणायचे, आत जायचे, दुरुस्त करून आणून द्यायचे. साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगायचे. सव्वीस वर्षं साहेब जेवतच होते.”

हे सांगताना त्या हसत होत्या. मला मात्र हसता येईना. मी यंत्राच्या खालची, मागची, आतली बाजू तपासली होती आणि समोर बसलेल्या माणसाला एकदाही धड बघितलं नव्हतं. मी माफी मागितली. तीही नीट जमली नाही, कारण माफी मागण्याचा सराव आमच्या खात्यात कमी.

“दुरुस्त करून द्याल का?” विचारलं.

“मी नाही. तुम्ही तोडलंत, तुम्ही जोडा. दर रविवारी सकाळी या. हिलाही आणा.”

पाच रविवार गेलो. जळकी पाटी धुतली गेली, मेलेला ट्रान्झिस्टर काढला गेला, नवे कपॅसिटर बसले, नवी निळी तार जोडली गेली. (टॉर्च योग्य जागी न हलवता धरणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही, हे मुद्दाम नमूद करतो.) चौथ्या रविवारी एक भंगारवाला वर आला. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असूनही आला. त्याने टेबलाकडे बघून विचारलं, “सगळं वजनावर देता का?” बाईंचा चेहरा असा काही उतरला की मी खुर्चीवरून उठलो, त्याच्या काट्यावर खात्याचा शिक्का कधीचा आहे ते विचारलं आणि तो जिन्यावरूनच परत गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझी नोकरी मला आवडली. तेव्हा कळलं, बाई महिनाअखेर लेकीकडे राहायला चालल्या आहेत. तिथे त्यांना एक खोली आहे आणि त्या खोलीत टेबल मावत नाही.

पाचव्या रविवारी यंत्र लावलं. रेघ आली. आधी जाड, मग बारीक होत सरळ झाली. बाई एवढंच म्हणाल्या, “स्थिर आहे.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सोल्डरच्या धुराने, असं मी दोघींना सांगितलं. दोघींनीही विश्वास ठेवला नाही. या घरात संशय आता कोण कोणावर घेतं हेच कळेनासं झालं आहे.

तर हे असं झालं. बाकी काही विशेष नाही. मामींना डोळ्यावर ताण देऊन हे पत्र वाचू देऊ नका, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. ‘बेफिकीर मी नाही’ हे वाक्य जरा सावकाश.

तुमचा आज्ञाधारक (शक्यतो),
भाचा

ता. क. – एक बारीकसं काम होतं. बाई ते अख्खं टेबल, उरलेली यंत्रं, चिठ्ठ्यांच्या डब्यांसकट कोणालातरी तशीच देऊन जाणार आहेत. फुकट! (फुकट का, यावर मी तीन दिवस विचार केला. काहीही सापडलं नाही, आणि हेच मला खटकतं आहे.) त्यांचा माझ्यावर पूर्ण भरवसा अजून बसलेला दिसत नाही. तुम्ही या क्षेत्रातले जुने जाणकार, तेव्हा तुमच्या हातचा एक दाखला पाठवा. ‘भाचा चालू यंत्र विनाकारण उघडत नाही,’ एवढं लिहिलं तरी पुरे. खोटं लिहावं लागेल याची कल्पना आहे.

ता. क. २ – तुमच्या दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाच्या ग्रामोफोनचा उल्लेख नको. मी तेव्हा सातवीत होतो.

ता. क. ३ – मामा, मी तुमची सूनबाई. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकिटाला इतक्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या की मला संशय आला, म्हणून उघडलं. दुसऱ्या रविवारी यांनी पक्कड धरली तेव्हा बाईंनी ती काढून माझ्या हातात दिली आणि टॉर्च यांच्याकडे. तेव्हापासून सगळे टाके माझे आहेत. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे, इतके दिवस काय करत होतीस? मी पुढचा टाका घातला. टेबल परवा आमच्या घरी येतंय, बाईंनी ते मला दिलंय; यांना अजून सांगितलेलं नाही, कारण हे आधी त्यामागचा हेतू शोधत बसतील. तेव्हा दाखला जरूर पाठवा, पण बाईंच्या नावे नको, माझ्या नावे पाठवा. यांना टेबलापाशी बसू द्यायचं की नाही, ते मला ठरवायचं आहे. आणि मामा, खरं लिहा.