फ्रीजची दोन दारे घराची धरल्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
घरक्रमांक शाखा, नगर कार्यालय,
बेळगाव.

अर्जदार : नागोजी रवळू हलगेकर, वय ४१, काम टपाल वाटणे, राहणार घर क्र. ११८, वडगाव.

विषय : घर क्र. ११८/अ ही नोंद रद्द होण्याबाबत. असे घर नाही.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ९ सप्टेंबर १९८५.
२) अर्जदाराचा अर्ज, दि. ४ नोव्हेंबर १९८५.
३) आपले उत्तर, दि. २० जानेवारी १९८६ : “११८/अ च्या रहिवाशाने स्वतंत्र अर्ज करावा.”

महोदय,

हा तिसरा अर्ज. पहिल्या दोन अर्जांत अर्जदाराने फक्त चूक दाखवली. ती कशी झाली हे लिहिले नाही, कारण त्यात घरातल्या बाईमाणसाचे नाव येते. आपल्या उत्तराप्रमाणे ११८/अ च्या रहिवाशाने अर्ज करायचा, तर तो रहिवासीही आपल्या वहीत अर्जदारच आहे. त्याने त्या घरातून अर्ज केला की ते घर असल्याचे कबूल केल्यासारखे होते. म्हणून हा अर्ज ११८ मधूनच केला आहे आणि या वेळी सगळे लिहिले आहे.

१. अर्जदाराच्या घराला रस्त्याकडे एक दार आहे आणि दाराशेजारी एक खिडकी. आत अर्जदार, त्याची पत्नी यशोदाबाई, दोन मुली, थोरले बंधू आण्णाप्पा आणि वहिनी राजाबाई अशी सहा माणसे राहतात. मूळ गाव खानापूर तालुक्यात. बावीस वर्षांपूर्वी दोघे भाऊ एकाच ट्रंकेत कपडे भरून इकडे आले. तेव्हापासून चूल एक. वहिनींना मूलबाळ नाही. अर्जदाराच्या मुली त्यांच्याच मांडीवर वाढल्या आणि त्यांना ‘मोठी आई’ म्हणतात.

२. बंधू आण्णाप्पा, म्हणजे घरातले आण्णा, एका कारखान्यात परदेशी इंजिनियरसाहेबांच्या गाडीवर चालक होते. १९८३ साली साहेब मायदेशी परतले तेव्हा आपला फ्रीज आण्णांना देऊन गेले. हा फ्रीज बाजारात दिसतो तसा नव्हे. तो कपाटासारखा रुंद असून त्याला शेजारी शेजारी दोन उभी दारे आहेत. डाव्या दारात बर्फ, उजव्या दारात गारवा. तो स्वयंपाकघरात जाईना, म्हणून तिथल्या दाराची चौकटच उपटून काढली आणि माळ्यावर टाकली. ती परत बसवायची कोणाला आठवणही झाली नाही. साहेबांच्या देशातली वीज निम्म्या दाबाची, म्हणून यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरून देणाऱ्या भरमूने फ्रीजला एक ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. तो दिवसभर गुणगुणतो. गल्लीतले माग सुरू झाले की व्होल्टेज उतरते. तेव्हा फ्रीज बंद ठेवायचा. मागांची रुई उडून त्याच्या पाठीमागच्या जाळीवर बसते. ती दर रविवारी ब्रशने काढायची. हे काम आण्णांचे. दारांची रबरे वहिनी कोमट पाण्याने पुसत. तळाच्या ताटलीत साचलेले पाणी यशोदाबाई तुळशीला घालत. असा तो सगळ्यांचा होता.

३. फ्रीज आल्यापासून उंबऱ्याशी येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारी : दारं किती? मराठी माणूस मराठीत, कन्नड माणूस कन्नडमध्ये. वहिनींचे कन्नड बेताचेच. पण ‘बागिलु एष्टु?’ म्हणजे ‘दारं किती?’ आणि त्याला उत्तर ‘एरडु’, म्हणजे दोन, एवढे त्यांना पाठ झाले होते. त्या ते दोन बोटे वर करून सांगत. आयुष्यात त्यांच्यापाशी इतरांनी विचारावे असे पहिल्यांदाच काही होते.

मार्च १९८५ च्या आरंभी आपले मोजणीदार वही घेऊन आले. घरी वहिनी एकट्याच होत्या. मोजणीदारांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारले, “बागिलु एष्टु?” त्यांना रस्त्याकडची दारे, म्हणजे घरक्रमांक किती, हे हवे होते. वहिनींनी दोन बोटे वर केली. “एरडु,” त्या म्हणाल्या. “आत या की, बघून तरी जावा. च्या टाकतो.” मोजणीदार आत आले नाहीत. त्यांनी डांबराने दारावर ११८ लिहिले. दुसरे दार काही दिसेना, तेव्हा ११८/अ खिडकीखाली लिहिले आणि ते पुढच्या घरी गेले.

आण्णांना वाटले, हिवतापाच्या फवारणीवाल्यांची खूण असेल. पाडव्याला भिंतीला चुना दिला, त्याखाली ती गेली.

४. जूनमध्ये ‘मालक, घर क्र. ११८/अ, वडगाव’ या पत्त्यावर आपली रजिस्टर नोटीस आली. वडगावची फेरी अर्जदाराकडेच आहे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिथले एकही दार त्याला परके राहिलेले नाही. ११८/अ असे घर नाही, हे त्याच्याइतक्या खात्रीने त्या दिवशी दुसरे कोण सांगणार होते? त्याने लखोट्यावर ‘या क्रमांकाचे घर नाही’ असा शेरा मारला, सही केली आणि नोटीस परत पाठवली. महिन्याभरात हरकत न आल्यास नोंद कायम होईल, असे त्या नोटिशीत लिहिले होते. हे अर्जदाराला नोंद कायम झाल्यावर कळले. दुसऱ्याचे पत्र उघडणे त्याच्या नोकरीत बसत नाही.

५. आपल्या वहीवरून रेशन कचेरीने एका कार्डाची दोन कार्डे केली. ११८ चे आण्णांना, ११८/अ चे अर्जदाराला. घरात सगळे पोट धरून हसले. आण्णा म्हणाले, “नाग्या, तुझं घर खिडकीतनं हाय रं. जेवायला बोलवलं तर उडी मारून ये.” मुलींनी संध्याकाळभर खिडकीतून उड्या मारल्या.

५/अ. (हा स्वतंत्र परिच्छेद नव्हे. तो ५ चाच भाग आहे, कृपया तसाच वाचावा.) हसणे आठ दिवस टिकले. मग रेशन कचेरीतून निरोप आला की तपासणीस येणार आहेत. एका चुलीवर दोन कार्डे आढळली तर गुन्हा; तेव्हा नोंद दुरुस्त होईपर्यंत चुली दोन दाखवाव्या. म्हणून केवळ दाखवण्यापुरता बाहेरच्या, खिडकीच्या खोलीत एक स्टोव्ह मांडला. थंड स्टोव्ह कोण खरा मानील, म्हणून यशोदाबाईंनी त्यावर पिठले टाकले. तपासणीस आले नाहीत. अन्न टाकायचे कसे, म्हणून अर्जदार, त्याची पत्नी आणि मुली तिथेच बसून जेवले. आत वहिनींनी सहा जणांच्या भाकऱ्या थापल्या होत्या. तपासणीस दुसऱ्या दिवशी नक्की येणार होते.

ते आजतागायत आलेले नाहीत. स्टोव्ह रोज पेटतो.

६. तपासणीस फ्रीजही उघडून बघतील, असे कोणीतरी म्हणाले. कोण म्हणाले, हे आता कोणीच कबूल करत नाही. डावे दार ११८ चे, उजवे दार ११८/अ चे असे ठरले. पण डावीकडे काहीही ठेवले की ते गोठते. वहिनींची कोथिंबीर काचेसारखी कडकड मोडू लागली. ताकाचा दगड झाला. एका सकाळी त्या ताकाचे भांडे ओट्यावर आपटून म्हणाल्या, “आमच्या वाटणीला बर्फ आला गं बाई. तुमी खावा गार.”

यशोदाबाई म्हणाल्या, “आक्का, इकडं ठेवते म्हटला असता तर मी न्हाय म्हटलं असतं व्हय?”

“इचारून ठेवायला मी काय शेजारीण हाय?”

अर्जदार तिथेच उभा होता. थोरल्या वहिनींचे भांडे उचलून उजव्या दारात ठेवायला त्याला एक क्षण पुरला असता. त्याने टपालाची पिशवी खांद्याला लावली आणि तो फेरीला गेला.

७. त्या रविवारी आण्णांनी ब्रश हातात घेतला नाही. “दारं वाटली,” ते म्हणाले, “मागची जाळी कुणाच्या कार्डावर हाय?” अर्जदारानेही ब्रश घेतला नाही. घेतला असता तर जाळी आपली म्हटल्यासारखे झाले असते. रुई साचत गेली. मोटार तापू लागली, थांबेचना. भरमू बघून गेला. तो म्हणाला, “पोस्टमनदादा, पुढनं काय बघतासा? मागनं बघा. पुढं दारं दोन, मागं मोटार एकच. ही गुदमरली तर बर्फ बी न्हाय, गार बी न्हाय.” त्याने सांगितले ते दोन्ही भावांनी ऐकले आणि दोघांनीही मान डोलावली.

गेल्या महिन्यात मोटार बंद पडली. डावीकडचा बर्फ वितळून पाणी उजवीकडे आले आणि फरशीभर झाले. दोघी जावा फडकी घेऊन बसल्या. दोघींनीही, काढलेल्या चौकटीची जिथे खूण आहे, तिथपर्यंतच पुसले. मधल्या बोटभर पट्टीतले पाणी आपोआप वाळले.

धाकटी मुलगी अक्काताई सात वर्षांची आहे. तिने त्या संध्याकाळी आईला विचारले, “मोठ्या आईकडं जाताना आता चप्पल घालायची काय?” दुसऱ्या दिवशी आण्णांनी माळ्यावरून चौकट उतरवली. ती जागच्या जागी बसवून तिला कडी-कोयंड्याचे दार लावायचे आणि बाहेरची खिडकी पाडून तिथे रस्त्याकडे दुसरे दार काढायचे, असे ते म्हणतात. सुतार येत्या गुरुवारी येणार आहे.

८. वरील कारणाने अर्जदार कबूल करतो की विषयाच्या ओळीत ‘असे घर नाही’ असे जे लिहिले आहे, ते आता पूर्ण खरे नाही. नोंद खोटी होती तेव्हा ती दुरुस्त झाली नाही. आता ती खरी होत आली आहे, तरी ती खोटीच ठरवावी, अशी ही विनंती आहे. अशी विनंती कोणत्या नियमात बसते, हे अर्जदाराला ठाऊक नाही. आपल्याला असल्यास तो नियम लावावा.

तरी गुरुवारच्या आत आपण स्वतः यावे, किंवा त्याच मोजणीदारांना पाठवावे. त्यांनी फ्रीज मागून बघावा. मग उंबऱ्याबाहेरून नव्हे, तर आत बसून, चहा घेऊन, वहिनींना तोच प्रश्न पुन्हा विचारावा : बागिलु एष्टु? घरातल्या कोणालाही तो विचारायला आता तोंड उरलेले नाही. परक्याने विचारले तर त्या खरे सांगतील. त्या ‘ओंदु’, म्हणजे एक, असे म्हणाल्या तर ११८/अ खोडावे. त्यांनी पुन्हा दोन बोटे वर केली, तर अर्जदाराची हरकत नाही. त्यांना दोन बोटे वर करायला लावणारा आता फ्रीज नाही, अर्जदार आहे.

९. येणे जमणार नसेल आणि उत्तर टपालानेच पाठवायचे असेल, तर लखोट्यावर कृपा करून ११८ एवढेच लिहावे. ११८/अ लिहू नये. ते पत्र अर्जदाराच्याच पिशवीत येईल, आणि गुरुवारनंतर त्याला त्यावर पूर्वीचा शेरा मारता येणार नाही. सही करून घ्यावे लागेल.

आपला, गुरुवारपर्यंत तरी एकाच दाराने ये-जा करणारा,

(सही)
नागोजी रवळू हलगेकर
वडगाव, बेळगाव
सोमवार, दि. ३ मार्च १९८६

सोबत :
१) फ्रीजच्या मागील बाजूचा फोटो. (पुढील बाजूचा जोडलेला नाही.)
२) परत गेलेल्या नोटिशीच्या लखोट्याची नक्कल, अर्जदाराच्या शेऱ्यासह.
३) या अर्जाची कन्नड प्रत. ती शेजाऱ्यांकडून लिहून घेतली आहे. तीत ‘बागिलु’ हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे घराचे की फ्रीजचे, हे कंसात लिहिले आहे. परिच्छेद ७ मध्ये दोन ठिकाणी लिहिता आले नाही.