पाठीमागून हात लावायचा नाही

दि. ९ फेब्रुवारी

छोट्या,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण या खेपेला तो हातचा राखून ठेवते. इकडे सगळे बरे आहेत. बाबा दोन्ही वेळा जेवतात, झोपही लागते. कोपराखालची जखम भरत आली आहे.

त्याच जखमेचा फोटो काकांना दाखवून तू म्हणालास, ताईकडे बाबांचे हाल होतात, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. रविवारी काका निकाल द्यायला येणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते रे! बाबा खुर्चीत पेंगत होते. तू मागून आलास, "चला, आंघोळीला उशीर होतोय," म्हणत हात धरून खसकन उठवलंस. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी तुझ्या बोटांखाली निघाली. त्यांनी घाबरून दुसरा हात झाडला, तो तुझ्या गालावर बसला. "म्हातारा मारतो" ही तुझी कहाणी तेवढ्यावर उभी आहे. ते तुझ्या घरी होते तेव्हा त्यांचे हात खुर्चीला बांधायचास, तेही याच नावाखाली. मनगटांवरचे वळ मी पाहिलेत, आणि ते विसरण्याइतकी मी देवमाणूस नाही.

काकांना सांगितलं, तर म्हणाले, "बहीण एक सांगते, भाऊ दुसरं. मी कुणाचं खरं धरू?"

माझ्याकडे बाबा मारत नाहीत. यात जादू नाही, आपल्या दाढी-कटिंगच्या दुकानाचीच रीत आहे. गिऱ्हाइकाला पाठीमागून हात लावायचा नाही. आधी आरशात नजर मिळवायची, मग सांगायचं, मग हात. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मी समोर बसते, म्हणते, "बाबा, आता हात धुते हं," आणि ते हात पुढे करेपर्यंत थांबते. नाही केला तर नाही, थोड्या वेळाने परत विचारते. एखाद्या दिवशी आंघोळ बुडते. बुडू दे, कोणी मरत नाही. अंगाला रोज क्रीम लावते, जुन्या मोज्यांचे पंजे कापून त्यांच्या हातांना मऊ बाह्या केल्यात. माझी नखं मी अगदी बारीक कापून टाकली.

हे सगळं बाबांनी तुला शिकवलं होतं, मला नव्हे. मी नुसती दुकान झाडायला यायची, झाडता झाडता ऐकायची. तू आजही गिऱ्हाइकाला लोण्यासारख्या आवाजात म्हणतोस, "साहेब, मान जराशी डावीकडे." आणि ज्यांनी ते वाक्य तुझ्या तोंडात घातलं, त्यांना पोत्यासारखं ओढतोस. हा राग माझ्या डोक्यातून जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

काका येणार म्हटल्यावर मी एक बेत केला होता. सगळ्यांसमोर तुलाच सांगायचं, घाल बाबांना आंघोळ. ते किंचाळले असते, आणि काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं. हा बेत मी बरेच दिवस चघळला. फार गोड लागला. मग परवा मलम लावताना बाबा हळूच म्हणाले, "दुखतंय गं." तेव्हा लक्षात आलं, अब्रू तुझी जाईल, पण कातडी त्यांची निघेल. बेत रद्द केला. सूड रद्द केलेला नाही.

रविवारी दाढी न करता ये. खिडकीजवळच्या खुर्चीत तुला बसवणार, गळ्याला कापड बांधणार, समोर आरसा ठेवणार. बाबांना वस्तरा आता झेपत नाही, मी देतही नाही. पण गरम टॉवेल त्यांचे हात अजून विसरले नाहीत. मला मेलीला दाढी नाही, तरी रोज माझ्या गालांवर ठेवतात.

या विस्मरणाच्या आजारात तुला ते ओळखणार नाहीत. आरशात तुझ्याकडे बघतील, "साहेब, हात लावतो हं," म्हणतील, आणि तू मान हलवेपर्यंत थांबतील. काका समोर बसलेले असतील. मग त्यांनी खुशाल निकाल द्यावा.

तुझ्या थोबाडीत मारली तर तू सुटशील, म्हणून मारत नाही. ज्या गालावर त्यांचा हात बसला म्हणून तू गावभर सांगत फिरलास, त्याच गालावर ते टॉवेल दाबतील आणि विचारतील, "चटका नाही ना बसत, साहेब?" त्याचं उत्तर तू दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं दे.

कापड धुऊन, आरसा पुसून वाट बघते आहे,
ताई