मे महिन्यातला फोटो

बाबा, उद्या आष्टीला सभा आहे आणि मला बोलायचं आहे. बोलणं मला कधी जड गेलं नाही. आज मात्र दुपारपासून तीनदा भाषण लिहून फाडलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मागच्या रांगेत तुम्ही उभे असाल असंच वाटत राहतं.

समोर आपल्या कुरणाचे, झाडं लागण्याआधी उपग्रहाने घेतलेले दोन फोटो आहेत. या फोटोंत जिवंत हिरवळ लाल दिसते. मे महिन्यातलं कुरण राखेसारखं आहे, पोळ्यानंतरचं लालभडक. नव्वदच्या दशकात त्या ग्रामसभेत माझ्या हातात फक्त तो राखेसारखा फोटो होता. तो उंच धरून मी गरजलो, "ही पडीक जमीन आहे. इथे झाडं लावा." तुम्ही वनरक्षकाच्या खाकीत मागे उभे होता. म्हणालात, "उन्हाळ्यात गवत झोपून राह्यते. पोळ्यानंतरचा फोटो आन, मंग बोल." मी माईकवरूनच उत्तर दिलं, "बाबा, आभाळातून दिसते ते तुमच्या सायकलवरून दिसत नाई." लोक हसले. तुम्हीही थोडे हसलात, ते मला अजून सहन होत नाही.

त्याच पावसाळ्यात सुबाभूळ लागली. गवतात अंडी घालणाऱ्या तणमोर पक्ष्याचं घरटं तुम्ही कसं राखायचात ते आता रोज आठवतं. चारी बाजूंच्या उभ्या गवताला गाठ मारायची. चारा कापणाऱ्या बाया गाठ पाहून विळा वळवायच्या. एकजण विचारते, "काऊन जी, अंदर सोनं लपवलं का?" तुम्ही म्हणता, "हळू बोल, सोनं उडून जाईन." सुबाभूळ वाढली, गवत गेलं, पक्षी पुन्हा आला नाही. तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर मी वाद घातला असता, जिंकलोही असतो.

उद्या दोन्ही फोटो शेजारी लावून मी सांगणार आहे, सुबाभूळ काढा, कुरण परत आणा. कोणीतरी विचारेलच, "मंग लावा म्हनलं कोनं होतं?" उत्तरात मी 'त्या वेळच्या व्यवस्थेची चूक' असं लिहिलं होतं. टाळ्या मिळतील असं वाक्य आहे. खोडलं. पुढे पेन अडलं, म्हणून जिथे पत्र पोचत नाही तिथे आधी लिहितो आहे.

त्या ग्रामसभेच्या आदल्या वर्षीचा पोळ्यानंतरचा फोटो तेव्हाही होता, बाबा. फोटो देणाऱ्या कचेरीतल्या माणसानं विचारलं होतं, "दोन्ही देऊ का?" मी म्हणालो, एकच पुरे. मंचावरून ओसाडच जास्त उठून दिसणार होतं.