बंद म्हणायचं नाही

आई, आज सकाळपासून मी उपाशी आहे, आणि तू असतीस तर दवाखाना राहिला बाजूला, आधी त्यावरूनच माझी हजेरी घेतली असतीस. तपासणी आहे. हृदयाकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांत कुठे अडलंय का ते बघणार आहेत, आणि अडलेलं असलं तर तिथल्या तिथे मोकळंही करणार आहेत म्हणे. सकाळचा नंबर दुपारवर गेला. वहिनी खाली औषधांच्या रांगेत उभी आहे. म्हणून खिडकीजवळच्या खाटेवर बसून तुला लिहिते आहे. दवाखाना संत तुकाराम नगरातच आहे. आपली खाणावळ होती ती गल्ली इथून दिसत नाही, पण चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसगाड्या दिसतात, आणि त्या दिसल्या की मला उगाच वाटतं, कणीक मळून झाली का, शिफ्टची माणसं आली बघ.

बाबांची कंपनी ज्या वर्षी बंद पडली त्या वर्षी तू तो शब्द घरातून हद्दपार केलास. बाबा सकाळी डबा घेऊन गेले आणि गेटाला कुलूप बघून तसाच भरलेला डबा घेऊन परत आले. त्यानंतर कितीतरी दिवस ते दाराकडे पाठ करून बसायचे. तू पुढची खोली रिकामी केलीस, शेजारणींकडून मोठी पातेली मागून आणलीस आणि दोन वेळच्या जेवणाची खाणावळ सुरू केलीस. बाबांच्या पुढ्यात कांदे टाकून म्हणालीस, "एवढं चिरून द्या, माझ्या डोळ्यांस्नी पानी येतंय." तुझ्या डोळ्यांना कांद्याने कधीच पाणी यायचं नाही, हे आम्हा दोघा भावंडांना ठाऊक होतं. बाबांनाही असावं. ते चिरायला बसले ते खाणावळ चालली तोवर चिरत राहिले, आणि कांदा बारीक चिरण्यावरून तुझ्याशी भांडण्याइतके पुन्हा माणसांत आले.

तेव्हापासून नळ बंद नाही, दार बंद नाही, रेडिओसुद्धा बंद नाही. दार लावायचं, नळ आवळायचा, रेडिओला गप करायचं. रात्री शेवटचा माणूस जेवून उठला की तू म्हणायचीस, "चला, वाढवा आता." दुकानदार म्हणतात तसं, बांगडी फुटली की बायका म्हणतात तसं. एकदा भाड्याने राहायला आलेला एक नवा कामगार नेमका तेवढ्यात दारात उगवला, 'वाढवा' ऐकून खूश झाला आणि ताट घेऊन मांडी घालून बसला. बाबा हसून हसून लाल झाले. तू मात्र त्याला उठवलं नाहीस. तव्याखाली पुन्हा गॅस पेटवलास. तुझ्याकडे एकच शब्द होता, जेवायला घालायलाही आणि आवरायलाही, आणि त्यातला आवरायचा अर्थ तू सहसा चालवून घ्यायची नाहीस.

मी अणुवीज केंद्रात नोकरीला लागले तेव्हा तू गल्लीभर सांगत सुटलीस, "लेक लायटीच्या कारखान्यात हाय." निघताना मला वरणाचा जुना डाव दिलास आणि दम भरलास, "कुनालाबी वाढताना हात आखडायचा न्हाई." तो डाव अजून माझ्याकडे आहे. पण माझं काम काय ते मी तुला कधी धड सांगू शकले नाही. आता सांगते. महिना संपला की त्या महिन्यात आमचा संच, म्हणजे वीज तयार करणारं ते सगळं यंत्र, कसा चालला याचा अहवाल मी लिहिते. किती वीज दिली, किती वेळ चालला, किती वेळ थांबला आणि का थांबला. अखंड चालला तर अहवाल चार ओळींत उरकतो. थांबला की पानं लागतात. थांबण्याचे आमच्याकडे दोन प्रकार असतात. एक ठरवून, तपासायला, झिजलेलं बदलायला. दुसरा न ठरवता, काहीतरी बिघडलं म्हणून. पहिल्यांदा 'नियोजित बंद' असं लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात अडला. मी साहेबांना विचारलं, "सर, बंदच्या जागी दुसरं काही लिहिलं तर?" ते चष्म्यावरून बघत राहिले. "अहो, त्यात लपवायचं काय आहे? आपण त्याला थांबवलंय. त्याने आपल्याला थांबवलं असतं तर गोष्ट वेगळी." मी लिहिलं. पण घरी फोन केला तेव्हा तुला सांगताना म्हटलं, मशीन जरा विश्रांतीला ठेवलंय. तू लगेच म्हणालीस, "लाडावून ठिवलंय तुमी त्याला."

तुला कुणी लाडावलं नाही, आई, आणि तूही कुणाला ते करू दिलं नाहीस. छातीत दुखायला लागलं की ओवा चावायचीस. पाठीत कळ आली की सोडा प्यायचीस. पित्त झालंय, हे तुझं ठरलेलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांचा डबा रोज आपल्याकडून जायचा. ते एकदा दारात उभे राहून तुझ्याशी भांडलेले मला आठवतात. मी सुट्टीवर आले होते, तू कठडा धरून श्वास घेत होतीस. "भाभी, चार दिवस बंद ठेवा की. गाडीसुद्धा सर्व्हिसिंगला टाकतो माणूस." तू त्यांच्या हातात डबा ठेवून म्हणालीस, "गाडी तुमची, चूल माझी. आन् तो शब्द माझ्या दारात नको." चाचा कानाला हात लावून गेले. मी म्हटलं, आई, आत्ता दवाखान्यात जाऊ, चल. तू पंगतीकडे बघितलंस. "एवढं ह्यांचं जेवान उरकू दे, मग जाऊ." जेवण उरकलं, मग भांडी आली, मग रात्रीची भाजी आली. पुढच्या सुट्टीत नक्की, असं तू मला कबूल केलंस. ती सुट्टी यायच्या आत दादाचा फोन आला. तू वरण वाढता वाढता पंगतीतच खाली बसलीस, आणि ज्याच्या ताटाशी बसलीस त्याला म्हणालीस, जेव रे तू.

आमच्याकडे संच थांबवला तरी आतली धग लगेच जात नाही. पाणी फिरतं ठेवावं लागतं, माणसं पहाऱ्याला ठेवावी लागतात. हे शिकताना मला कठीण गेलं नव्हतं, पण समजलं ते तू गेल्यावर. तेराव्यानंतरही लोक रिकामे डबे घेऊन दारात येत होते. चूक त्यांची नव्हती, पाय सवयीने येत होते. बाबा प्रत्येकाला आत बोलवायचे, पाणी द्यायचे. खाणावळ बंद झाली असं त्यांनी एकालाही सांगितलं नाही. मी तुझ्यावर फार रागावलेली होते, आई. अजूनही आहे. एवढ्या माणसांना वाढलंस आणि आमच्यासाठी स्वतःला चार दिवस राखलं नाहीस.

आता माझी गंमत ऐक. पावसाळा संपता संपता मला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, तपासणी करून घ्या, लांबवू नका. मी म्हटलं, "एवढं शटडाऊन उरकू दे, मग येते." केंद्रात ठरवून बंद घेतलेला, माणसांची धावपळ, माझ्याशिवाय अडेल असं मला वाटत होतं. खरं तर काही अडणार नव्हतं. शटडाऊन उरकलं. मग मी म्हटलं, महिन्याचा अहवाल उरकू दे. पिंपळे सौदागरला दादाकडे दोन दिवस आले होते, तेव्हा वहिनी भाजी निवडत होती आणि मी तिला हेच ऐकवत होते. तिने सुरी खाली ठेवली. "ताई, तुम्ही अगदी सासूबाईंसारखं बोलताय." दादा पेपर वाचत होता, तो तसाच राहिला, पान उलटेना. मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडले. बाहेर आले आणि त्या दोघांसमोर डॉक्टरांना फोन लावला.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे. तिची सून लातूरकडची, सुनेचा नवरा चाकणला कंपनीत. सून बोलायला मोकळी आहे. आत्ता तिने डबा उघडला आणि लसणाच्या फोडणीचा वास सगळ्या खोलीत पसरला. मला लिहिताना बघून म्हणाली, "ताई, सकाळधरनं बघायलेय, तुमी कायच खाल्लं न्हाई. पिठलं हाय, भाकर हाय. वाढू का?"

किती वर्षांनी मला कुणी असं विचारलं. तोंडाला पाणी सुटलं, आणि डोळ्यांनाही. मी म्हटलं, "नको, आज माझं बंद आहे."

"उपास हाय व्हय?"

"नाही. ठरवून बंद ठेवलंय."

तिला ते कळलं नसावं. तिने भाकरीचा चतकोर आणि थोडं पिठलं झाकणात काढून माझ्या उशाशी ठेवलं. तपासणी करून बाहेर आल्यावर खावा म्हणाली.

नर्स बोलवायला आली आहे. हा कागद मी घडी करून वहिनीच्या पिशवीत तळाशी टाकीन, दुसरीकडे द्यायचा तरी कुठे? एक सांगून टाकते. ऑफिसात मी भाच्याच्या साखरपुड्याचं कारण दिलंय. महिन्याच्या महिन्याला थांबण्याची कारणं लिहिणारी मी, माझंच तेवढं लिहायला धजले नाही. मला भीती वाटते गं. पण मी बंद म्हणाले, आई, आणि झाकणातलं पिठलं अजून गरम आहे.