न आलेले बावीस फॉर्म

४ जुलै, मंगळवार

सव्वीस कारखान्यांना फॉर्म पाठवले, परत आले चार. चार! आणि साहेब सकाळपासून तीनदा विचारून गेले, तिमाहीचा आकडा कुठाय म्हणून.

देशाचं उत्पादन किती वाढलं ते सांगायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. त्यातलं चपला-बुटांचं टेबल माझं. नियम सोपा आहे. ज्यांचा फॉर्म आला नाही, तेही आलेल्यांइतकेच वाढले असं धरायचं. आणि कारखाना बंद पडल्याचं मालकाने लेखी कळवेपर्यंत तो चालूच समजायचा. दिवाळं निघालेला माणूस बसतोय आम्हाला पत्रं लिहीत!

५ जुलै

चौथा लिफाफा ताईचा निघाला. माझ्या सख्ख्या बहिणीचा. उत्पादन चौतीस टक्क्यांनी जास्त. चौतीस! तीनदा वाचलं. बाकी तिघांचं रडतखडत दोन टक्के.

जळफळाट झाला. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय? बाबा गेल्यावर कारखाना हिने घेतला, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. वर चारचौघांत म्हणते, "आमची धाकटी कागद काळे करते, मी चौदा घरं चालवते." चालव बाई. चौतीस टक्क्यांनी चालव.

७ जुलै

ताईचा कारखाना एकटा त्या तिघांएवढा. त्यामुळे चौघांची मिळून वाढ आली अठरा टक्के. मग न आलेल्या बावीसांनाही अठरा लावले. अर्ध्या तासाचं काम.

साहेब खूश. "बघा मॅडम, लोक उगाच रडतात."

१२ जुलै

छापून आलं. मंत्री टीव्हीवर म्हणाले, पादत्राण उद्योगाची घोडदौड. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला — स्वतःच्या खिशातून! पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

१८ जुलै

आमचा तपासनीस दौऱ्यावरून आला. उन्हाने पार करपलेला. बाहेर जाऊन कारखाने डोळ्यांनी बघणारा ऑफिसातला हा एकटाच.

"मॅडम, तुमच्या बावीसांपैकी सतरांना कुलूप आहे. एकात तर कोंबड्या पाळल्यात."

"लेखी आहे का काही?"

"कोंबड्या लिहीत नाहीत मॅडम."

हसू आलं. तरी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मार्चमध्ये मोजणी आहेच की. तेव्हा होईल दुरुस्ती. आत्ता कशाला उकरून काढता?" आणि मग, अगदी सहज, "बढतीची यादी या महिनाअखेरीस जातेय, माहीत आहे ना?"

माहीत आहे. आकडा तसाच ठेवला.

२६ जुलै

आज ताई घरी आली. न कळवता. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"एक व्यापारी मागे लागलाय. शेड, मशिनं, कामगार, सगळं जसंच्या तसं घेतो म्हणतोय. एकालाही काढणार नाही. देऊन टाकू की थांबू? तू आत बसतेस, तुला कळतं. खरंच वाढतंय का गं सगळं?"

ताई मला विचारतेय! पन्नाशीला आले, आजवर हिने मला साडीचा रंग विचारला नाही.

सतरांना कुलूप आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जिभेवर होतं. पण ते चौतीस टक्के डोक्यात घण घालत होते. एवढी वाढलेली बाई, हिला कसली काळजी? माझ्याकडून कौतुक वसूल करायला आलीय, दुसरं काय! उद्या पडलीच तोंडावर तर पडू दे की एकदा. कळेल तरी कसं लागतं ते.

म्हटलं, "अठरा टक्के. माझ्या हातचा आकडा आहे, डोळे मिटून विश्वास ठेव."

तिचा चेहरा उतरला. स्वतः चौतीसवर असताना अठरा ऐकून नाक मुरडतेय, असं वाटलं मला.

"मग थांबते," म्हणाली. चहा अर्धाच टाकून गेली.

२७ जुलै

दिवसभर मजा वाटत होती. लिहून ठेवते — मजा वाटत होती.

३१ जुलै

बढती झाली!! खिडकीजवळचं टेबल.

९ नोव्हेंबर

आईचा फोन. ताईने व्यापाऱ्याला नाही म्हटलं. वर राहतं घर विकून नवी मशिनं आणली. "तू सांगितलंस म्हणे, बाजार चढतोय. तुझ्या शब्दावर हो!"

घर विक असं कुठे म्हटलं होतं मी? मी फक्त आकडा सांगितला. छापलेला आकडा. तो काय कुणीही वाचेल.

जेवण गेलं नाही.

१४ मार्च

मोजणी झाली. या वेळी दारोदार जाऊन. जुना आकडा दुरुस्त करायचा : अधिक अठराचे उणे एकेचाळीस.

साहेब म्हणाले, "शेवटच्या पानावर टाका. बारीक अक्षरात."

टाकला. कुणाचाही फोन आला नाही. मंत्र्यांचा नाही, पेपरवाल्यांचा नाही.

२९ मार्च

ताईच्या कारखान्याला कुलूप लागलं. मशिनं भंगारवाल्याने उचलली, नवीसुद्धा. चौदाच्या चौदा माणसं घरी. तो व्यापारी कधीच दुसरीकडे गेला.

आणि नियमाप्रमाणे ताईचं लेखी पत्र आलं, "कारखाना बंद आहे." आजवर असं पत्र पाठवणारी ही पहिलीच. मी आवक क्रमांक टाकला.

२ एप्रिल

ताईकडे गेले. भाड्याची एक खोली, खाटेखाली न विकलेल्या बुटांची खोकी. न राहवून विचारलं, तुझी तर चौतीस टक्के वाढ होती, ती गेली कुठे?

"कसली वाढ! निम्मं काम उरलं होतं. फॉर्म तुझ्या टेबलावर जाणार, म्हणून चढवून लिहिलं. तुझ्यासमोर मान खाली नको. मग तुमचा आकडा छापून आला. वाटलं, बाकीचे सगळे वाढताहेत, मीच तेवढी नालायक."

म्हटलं, "बाकीचे नव्हतेच गं. ते अठरा टक्के तुझेच होते. सतरा कारखान्यांना तेव्हाच कुलूप होतं."

तिने बाहेर आलेलं एक खोकं पायाने खाटेखाली सरकवलं.

"मी घरी येऊन विचारलं, तेव्हा माहीत होतं तुला?"

हो म्हटलं.