आईचं माहेर कुठलं

भिवंडी, ७ जून २००४

ती. आक्कास धाकट्या बहिणीचा, क्षितिजाचा, शि. सा. नमस्कार.

पुण्याच्या कापड-डिझाइनच्या कोर्सला मी गुपचूप अर्ज केलाय, हे फक्त तुला ठाऊक होतं. आता घरभर झालंय. काल जेवताना काकांच्या प्रितेशने भाऊंसमोरच विचारलं, की ताई, पुण्याच्या हॉस्टेलात मच्छी मिळते का.

झालं असं, की पासवर्ड विसरला तर ईमेलवाले एक खासगी प्रश्न विचारतात. मी निवडला होता, आईचं माहेरचं गाव कुठलं. आता प्रितेश दर मे महिन्यात आपल्याबरोबर तिथेच आंबे खायला येतो. त्याने सायबर कॅफेत बसून उत्तर टाकलं आणि माझी सगळी पत्रं वाचली. पासवर्डही बदलला होता, दम दिल्यावर सांगितला.

भाऊ एवढंच म्हणाले, की बापाच्या आधी पुतण्याला कळलं. तेव्हापासून अबोला आहे. निकाल पुढच्या आठवड्यात मेलवर यायचाय, होकार लगेच पाठवायचाय, नाहीतर जागा दुसऱ्याला. या कारट्याने गंमत म्हणून मेल पुसून टाकला तर? आजीचं नाव, पहिली शाळा, आपल्याकडे सगळं सगळ्यांना पाठ. कुठला प्रश्न ठेवू ते कळव. भीती वाटतेय आणि आनंदाने पाय जमिनीवर ठरत नाहीत. दाजींना नमस्कार.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
क्षितिजा

वज्रेश्वरी, १० जून

चि. क्षितिजास अनेक आशीर्वाद.

दुकानात नारळ विकता विकता तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं वेडे, प्रश्न तोच ठेव, उत्तर खोटं दे. कॉम्प्युटर काय खात्री करायला आईच्या गावी जाणार आहे? माहेराच्या जागी लिही केसरीनाथ. मला बघायला आला होता आणि पोहे खाऊन तिथेच घोरायला लागला, तो. प्रितेश तेव्हा पाळण्यात होता. ह्यांनाही मी ते कधी सांगितलेलं नाही. कुणाजवळ बोलू नकोस.

भाऊंचा राग कोर्सचा नाही, लपवल्याचा आहे. त्यांना तूच सगळं सांग. पाकिटं संपलीत म्हणून कार्डावर लिहिलं. जागा संपली, माया नाही.

आक्का

भिवंडी, १५ जून

ती. आक्कास सा. नमस्कार.

आक्का, मला प्रवेश मिळाला! आता तुझ्यावर ओरडते. असलं गुपित कुणी उघड्या कार्डावर लिहितं? आईला चष्मा सापडेना, म्हणून पोस्टमन महादूने ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. प्रितेश हसून हसून लोळला. दाजींच्या कानावर जायच्या आत तूच सांगून टाक. मी दुसरंच खोटं उत्तर ठेवलंय आणि ते तुलाही सांगणार नाही.

तुझं दुसरं मात्र ऐकलं. कारखान्यात लूमच्या खडखडाटात भाऊंना सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी लूम बंद करून परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

आज ते स्वतःच माझ्याबरोबर निघाले. ओसामाभाईच्या कॅफेत पडदा नाही आणि पाठीमागे पोरांची रांग असते. भाऊ माझ्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून, रांगेच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले. मी पासवर्ड टाकला, निकाल उघडला, होकार पाठवला. एकदाही वळले नाहीत. ओसामाभाईने खुर्ची दिली, तरी बसले नाहीत.

मला रडू फुटलं. तसंच दाराकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, की आता मी बघितलं तर चालंल का.

माया आहे तशीच राहू दे, फक्त पाकिटातून पाठव.

तुझी,
क्षितिजा